बाबांसाठी ग्राफिक्स कार्ड

आपण सॉफ्टवेअरमध्ये आहोत म्हणजे प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत विजेवर चालणारं सगळं आपल्याला कळतं, असा नातेवाइकांचा पक्का समज असतो. सतरा वर्षं या धंद्यात काढल्यावर मी तो खोडून काढायचं सोडून दिलंय. मामींचा फोन अडकला की मी तो बंद करून परत चालू करतो, तो चालतो, आणि माझी पत टिकून राहते. पण गेल्या महिन्यात घरातच एक काम निघालं आणि त्यात माझी चांगलीच विकेट पडली. काम ऐकायला अगदी साधं. बाबांच्या कॉम्प्युटरला तीन मॉनिटर लावायचे आणि त्यासाठी एक ग्राफिक्स कार्ड आणायचं. बस्स!

बाबांनी ते सांगितलं नव्हतंच म्हणा. मीच अंगावर ओढवून घेतलं. का ते सांगतो.

बाबा ड्राफ्ट्समन. आयटीआय झाल्यावर १९७६ साली मरोळ एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये लागले आणि ५८ व्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. आज मरोळ-मरोशी रोडवरून जाताना काचेच्या इमारती आणि हॉटेलं बघून कोणाला खरं वाटणार नाही, पण इथे दिवसभर लोखंड कापलं जायचं. मी जिथे नोकरी करतो ते सीप्झसुद्धा १९७३ साली सुरू झालं ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. आता तिथे हिऱ्यांचे दागिने आणि सॉफ्टवेअर असा अजब शेजार आहे. टूलरूम गेल्या, काही वसईला, काही भिवंडीकडे, काही नुसत्याच गेल्या. पण जी दोन-चार वर्कशॉप अजून इथे तग धरून आहेत, त्यांच्या प्रेस टूलची ड्रॉइंग्ज बाबा घरी बसून करून देतात. पैसे फार नाहीत. पण सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी 'कामाला' बसतात. ७१ वर्षांचा माणूस घरातल्या घरात कामावर जातो याचं आम्हाला हसू यायचं. आता येत नाही.

झालं असं, की दिवाळीच्या आधी एका जॉबमध्ये त्यांच्याकडून चूक झाली. टूल छोटंच होतं. गिऱ्हाइकाने एक भोक ३ मिलिमीटरने सरकवायला सांगितलं. सांगितलं कसं, तर व्हॉट्सॲपवर, छापील कागदावर लाल पेनाने गोल करून काढलेला फोटो! आता प्रेस टूलमध्ये एक भोक म्हणजे एक भोक नसतं. डाय प्लेट, तिच्यावर स्ट्रिपर, त्याच्यावर पंच होल्डर, या तिन्हींत ते एकाच रेषेत असावं लागतं. बाबांनी डाय प्लेटमध्ये बदललं, पंच होल्डरमध्ये बदललं आणि स्ट्रिपर राहून गेला. स्ट्रिपर शीटच्या दुसऱ्या टोकाला होता. डी-टू स्टीलची प्लेट हार्डनिंग होऊन आल्यावर, जोडणीच्या वेळी ते लक्षात आलं. आणि हार्डनिंग झालेल्या प्लेटमध्ये ड्रिल घालून काही होत नाही. प्लेट भंगारात.

वर्कशॉपचा मालक बाबांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. तो एक शब्द बोलला नाही. "काका, होतं असं," एवढंच. बाबांनी त्या जॉबचे पैसे घेतले नाहीत. पुढचा जॉब आलाच नाही, त्याच्या पुढचाही नाही. मग एका रविवारी मी घरी गेलो तर त्यांनी आपली रोटरिंगची पेनं, निबांच्या जाडीप्रमाणे लावून ठेवलेली ती लाकडी पेटी, शेजारच्या आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलाला देऊन टाकली होती. "डोळे राहिले नाहीत आता," म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायलो.

पण मला ते डोळ्यांचं पटेना. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणाच्या कुरडया वाळताहेत ते त्यांना माझ्याआधी दिसतं. म्हणून मी त्यांना एक जुनंच ड्रॉइंग उघडून काम करायला लावलं आणि मागे खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. (कोड रिव्ह्यूची सवय. माणूस काय टाइप करतो त्यापेक्षा तो कुठे अडतो ते बघायचं.)

अडत होते ते माउसच्या चाकावर. झूम करा, एका भोकाचं माप बघा, झूम मागे घ्या, शीटच्या दुसऱ्या कोपऱ्यात जा, परत झूम करा. दहा मिनिटांत हे साठ-सत्तर वेळा झालं. आणि प्रत्येक वेळी मधले दोन-तीन सेकंद तो आकडा त्यांच्या डोक्यात एकटाच असायचा, समोर कुठे नाही. चूक तिथे झाली होती. डोळ्यांनी केलेली नव्हती.

मी विचारलं, "बोर्डावर काम करायचात तेव्हा काय करायचात?"

"बोर्डावर काय? मान वळवायची."

ए-झिरो कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो, बरोब्बर एक चौरस मीटर. ड्राफ्टर लावलेल्या बोर्डावर तो पूर्ण पसरलेला असायचा. डाय प्लेट या हाताला, स्ट्रिपर त्या हाताला, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. १९९६ च्या सुमारास त्यांच्या टूलरूममध्ये कॅड आलं, बोर्ड गेले, आणि चौरस मीटरभर कागद १५ इंची मॉनिटरमध्ये कोंबला गेला. चाळिशी ओलांडल्यावर बाबा ते शिकले, याचा आम्हाला केवढा अभिमान होता! पण त्या दिवसापासून शीट त्यांनी कधी पूर्ण बघितलीच नव्हती. तीस वर्षं ते खिडकीच्या फटीतून खोली बघत होते आणि उरलेली खोली आठवणीने भरून काढत होते. आता आठवण जरा मागे पडायला लागली, इतकंच.

म्हणजे उपाय सोपा. मॉनिटर वाढवायचे!

इथून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि तुम्हाला माहीतच आहे, तो जागा झाला की खर्च होतो. तीन मॉनिटर, कॅड, ग्राफिक्स... माझ्या डोक्यात एकच समीकरण तयार झालं, की कार्ड 'दणकट' पाहिजे. ऑफिसमध्ये आजकाल दिवसभर जीपीयू, जीपीयू हाच जप चालतो, त्याचाही परिणाम असेल. दोन रात्री बेंचमार्क वाचले, तक्ते बघितले आणि आरटीएक्स ५०६० मागवलं. ऑनलाइन. खोकं आलं ते मिठाईच्या डब्याएवढं. कार्डाला दोन पंखे. मी कौतुकाने ते टेबलावर ठेवलं.

बाबांनी आपली सहा इंची स्टीलची पट्टी काढली. कार्डाला लावली. मग कॅबिनेटचं झाकण उघडून आत लावली.

"माप घेतलं होतंस का?"

नव्हतं घेतलं. बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसांतून निघालेला, रिफर्बिश्ड, सडपातळ डबा. त्याच्या आत नेहमीच्या उंचीचं कार्ड उभं राहतच नाही. त्याला अर्ध्या उंचीचं, ज्याला लो प्रोफाइल म्हणतात ते, ६९ मिलिमीटरचं कार्ड लागतं. शिवाय ५०६० ला लागते १४५ वॅट वीज. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळते, वरची वीज पॉवर सप्लायमधून वेगळ्या वायरने आणावी लागते, आणि या डब्यातल्या २०० वॅटच्या पॉवर सप्लायला तशी वायरच नाही. सतरा वर्षं अनुभव! जन्मभर दशांश मिलिमीटरमध्ये विचार केलेल्या माणसासमोर मी मापच न घेता वस्तू आणून ठेवली होती. कार्ड परत पाठवलं. त्यात आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तीन स्क्रीन चालवायला कार्डाला नक्की काय करावं लागतं? एका फोर-के स्क्रीनवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठेवायला ४ बाइट. झाले ३३ एमबी. अशा दोन स्क्रीन आणि एक साधी एचडी धरली तर सगळे मिळून ७५ एमबी. कार्डावर मेमरी असते गिगाबाइटमध्ये! आता कॅड स्वतःच्या कामासाठी आणखी मेमरी घेतं हे खरं, थ्री-डी मॉडेल गरागरा फिरवायचं असेल तर ताकदही लागते. पण बाबांचं काम टू-डी रेघांचं. त्यात कार्ड बहुतेक वेळ जांभया देत बसतं. मेहनत प्रोसेसर करतो.

मग अडतं कुठे? भोकांत. मॉनिटर जोडायच्या भोकांत. कार्ड निवडताना खेळ किती जोरात पळतो ते सगळे सांगतात, पण मागच्या पट्टीवर किती आणि कोणती तोंडं आहेत हे तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. बाबांच्या डब्याला मुळात एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय आहे, आणि तो एचडीएमआय जुना, १.४ चा. त्यातून सेकंदाला साधारण ८ गिगाबिट जातात. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर लागतात १२. मग तो निम्म्या वेगाने, ३० वेळाच पाठवतो. तिसऱ्या मॉनिटरला तर जागाच नाही.

ही तोंडांची रड जुनीच आहे. मॅकिंटॉश टू ला १९८७ मध्येच एकापेक्षा जास्त मॉनिटर लावता यायचे, त्यासाठी कार्डंही तितकीच खुपसावी लागायची. विंडोज ९८ नऊ मॉनिटर ओळखायचं, लावणार कोण हा प्रश्न वेगळा. मग १९९९ ला मॅट्रॉक्सने एका कार्डावर दोन मॉनिटर आणले, २००२ मध्ये तीन. २००९ मध्ये एएमडीची आयफिनिटी आली. आम्ही तेव्हा नवे नवे नोकरीला लागलो होतो आणि तिसरा मॉनिटर आपल्याकडे का चालत नाही यावर ऑफिसात आख्खी दुपार घालवली होती. त्या कार्डांवर एचडीएमआय आणि डीव्हीआय मिळून दोनच मॉनिटर चालायचे, तिसरा डिस्प्लेपोर्टलाच लावावा लागायचा. ते समजल्यावर आमच्या टीम लीडने स्वतःच्या खिशातून अडॅप्टर आणला होता. असो.

दुसरा हिशोब मॉनिटरचा, आणि तो बाबांनी मला शिकवला. माझा बेत होता की कामासाठी मधे एक भारी फोर-के मॉनिटर घ्यायचा आणि पूर्ण शीट दाखवायला शेजारी घरातला जुना २४ इंची एचडी ठेवायचा. नुसतं तर दाखवायचंय! बाबा म्हणाले, "नुसतं दाखवून काय उपयोग, आकडा दिसायला पाहिजे." ड्रॉइंगवर मापाचे आकडे साडेतीन मिलिमीटर उंचीचे असतात. ए-झिरो शीट २४ इंची मॉनिटरवर पूर्ण बसवली की ती जवळजवळ एक तृतीयांश होते, आणि तो आकडा उरतो सव्वा मिलिमीटरचा. तिथला एक ठिपका पाव मिलिमीटरहून मोठा. म्हणजे साडेचार ठिपक्यांत आकडा! ३ आहे की ८, देव जाणे. तेच २७ इंची फोर-केवर केलं तर आकड्याच्या उंचीला ९ ठिपके मिळतात. बारीक दिसतो, पण पुढे वाकलं की ओळखू येतो. गंमत आहे बघा. ज्या स्क्रीनवर आपण झूम करून काम करतो तिला एवढ्या बारीक ठिपक्यांची गरजच नसते. पूर्ण चित्र दाखवणारीलाच असते. मी नेमकं उलटं करायला निघालो होतो.

पण म्हणून कामाची स्क्रीन स्वस्तातली घेता आली नाही, कारण त्यांना दोन्हीकडे तेच जिवंत ड्रॉइंग हवं होतं. इकडे रेघ सरकली की तिकडे सरकलेली दिसली पाहिजे. त्यासाठी कॅडची एकच खिडकी दोन मॉनिटरवर ताणायची आणि तिचे दोन व्ह्यूपोर्ट करायचे, एकात पूर्ण शीट, एकात झूम. ताणायची तर दोन्ही मॉनिटर सारखे हवेत. एक उंच आणि एक बुटका असेल तर खिडकीचा तुकडा अधांतरी लटकतो. म्हणून एकसारखे दोन २७ इंची. आणि तो जुना २४ इंची उभा फिरवून गिऱ्हाइकाच्या कागदासाठी, त्या लाल पेनवाल्या फोटोसाठी. फोटो आता मोबाइलमध्ये नाही, डोळ्यांसमोर उभा.

तर मागणी अशी ठरली: उंची ६९ मिलिमीटर, जाडी एका स्लॉटची, वीज ७५ वॅटच्या आत आणि वेगळ्या वायरीशिवाय, तोंडं तीन किंवा जास्त, त्यातली दोन फोर-के ६० वेळा पाठवणारी. एवढं एका पोस्टकार्डावर लिहून मी शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो.

हे जाणंही आता सुखाचं झालंय हो. पूर्वी मरोळहून तिकडे जायचं म्हणजे अंधेरी स्टेशनपर्यंत बस, मग स्लो लोकलने ग्रँट रोड, आणि तोपर्यंत काय घ्यायचं होतं ते विसरायला व्हायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून मरोळ नाक्याला जमिनीखाली शिरायचं आणि ग्रँट रोडला वर यायचं. वर मात्र सगळं तेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड.

पहिल्या दुकानात "गेमिंग के लिए या एडिटिंग के लिए?" हा प्रश्न आला. दोन्ही नाही म्हटल्यावर त्या मुलाचा माझ्यातला रस संपला, तरी त्याने लाल-निळे दिवे लागणारं एक कार्ड दाखवलंच. दुसऱ्या दुकानात रॅमचे भाव ऐकून नुसताच बाहेर आलो. २०२५ च्या अखेरीपासून एआयवाल्यांच्या डेटा सेंटरनी मेमरीचा बाजार असा काही उचललाय की घरच्या कॉम्प्युटरला रॅम घेणं ही चैन झालीय. तिसरं दुकान म्हणजे जिन्याखालचा एक काउंटर. तिथे साधारण बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ एका मदरबोर्डवर फुंकर मारत बसले होते. मी पोस्टकार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा वर केला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"वडिलांनी मापं घेतली."

"वाटलंच. काम काय करतात?"

"ड्राफ्ट्समन. डाय-टूलची ड्रॉइंग्ज."

"अजून?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते हातात दोन छोटी खोकी घेऊन. एक एनव्हिडियाचं टी४००, मागे तीन मिनी डिस्प्लेपोर्ट, ३० वॅट. दुसरं आरटीएक्स ए४००, चार मिनी डिस्प्लेपोर्ट, ५० वॅट, मेमरी ४ जीबी. दोन्ही कार्डं तळहातावर मावतील एवढी, एकाच छोट्या पंख्याची, दिवेबिवे काही नाहीत. टी४०० सुद्धा चाललं असतं. पण ते जुन्या पिढीचं, आणि ड्रायव्हर जितकी जास्त वर्षं मिळतील तितकं बरं म्हणून ए४०० घेतलं. आठ दिवसांपूर्वी परत पाठवलेल्या त्या मिठाईच्या डब्याच्या जवळपास निम्म्यात. काउंटरवरच्या काकांनी खोक्यातली आखूड पट्टी काढून तिथेच कार्डाला लावून दिली आणि म्हणाले, "वायरीत कंजुषी करू नका."

मी केली, अर्थातच. एका मॉनिटरसाठी मिनी डिस्प्लेपोर्टची नवी वायर घेतली आणि दुसऱ्यासाठी घरच्या ड्रॉवरमधला जुना एचडीएमआयचा अडॅप्टर आहे की, म्हणून सातशे रुपये वाचवले. रविवारी सगळं जोडलं, तिन्ही स्क्रीन लागल्या, आई हात पुसत बघायला आली. बाबांनी माउस इकडून तिकडे दोनदा नेला.

"या बोर्डावर बाण मागे राहतो."

"नाही हो बाबा, तसं वाटतं. नवीन आहे ना."

त्यांनी परत नेला. "इथे बरोबर चालतो. इथे हाताच्या मागून येतो."

मी सेटिंग उघडलं. डावा मॉनिटर ६० हर्ट्झ, उजवा ३०. अडॅप्टर जुन्या १.४ चा होता. तेच ते ८ गिगाबिटचं गणित, जे मी आठवडाभर मित्रांना ऐकवत होतो! सेकंदाच्या तिसाव्या आणि साठाव्या हिश्शातला फरक, डोळे राहिले नाहीत म्हणणाऱ्या माणसाच्या हाताला कळला होता. सोमवारी ऑफिसमधून निघून परत ग्रँट रोड. काकांनी काही न विचारता वायर काढून दिली.

डोळ्यांचंही एक काम खरंच होतं. मोतीबिंदूनंतरची त्यांची लेन्स लांबचं बघायची आहे, वाचायला चष्मा लागतो, आणि मॉनिटर बसतो या दोन्हींच्या मधे. मग ते बायफोकलच्या खालच्या भागातून बघायला मान वर करायचे. तीन मॉनिटर लावल्यावर तर मानेचं भजं झालं असतं. चष्मेवाल्याकडून फक्त ६० सेंटिमीटरसाठी वेगळा चष्मा करून घेतला आणि तिन्ही स्क्रीन खुर्चीपासून तेवढ्याच अंतरावर कमानीत मांडल्या. अंतर अर्थातच बाबांनी टेपने मोजलं. पूर्ण शीटवाला मॉनिटर त्यांनी हाताच्या स्टँडवर घेऊन खाली आणला आणि मागे कलता केला. मी म्हटलं, असा कोणी ठेवत नाही. म्हणाले, "बोर्ड असाच असतो."

काम कोण देणार हा प्रश्न होताच. मी त्या मालकाला फोन करणार होतो, आईने करू दिला नाही. बाबांनीच केला. काय बोलले माहीत नाही, दार लावून बोलले. चार दिवसांनी एक छोटा जॉब आला, जुन्याच टूलमध्ये दुरुस्ती. बहुधा परीक्षा असावी. मी मुद्दाम गेलो नाही. रात्री नऊच्या सुमाराला आईचा फोन आला, मागे बाबांचा आवाज ऐकू येत होता. मालकाशीच बोलत होते दुसऱ्या फोनवर, चढ्या आवाजात, असं मी त्यांना दिवाळीनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. "अरे, तुझ्या माणसाने पत्र्याची पट्टी ४० ची धरलीय आणि फोटोत ४२ लिहिलंय. माझ्यासमोर दोन्ही आहेत. कुठलं खरं ते सकाळी सांग, तोपर्यंत मी रेघ मारत नाही."

"जेवायला बोलावतेय तासाभरापासून," आई म्हणाली. "आणि हे विचारतायत, त्या कार्डाला मागे चौथं भोक रिकामं आहे, ते कशाला ठेवलंय?"